मागच्या बाजूची खाच

थोरली सकाळच्या गाडीनं आली. दार उघडल्यावर तिनं आधी हातातला डबा सांभाळला आणि मग बॅग आत ओढली. गोळ्याऔषधांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. धाकट्यानं घ्यायला हात पुढे केला, पण तिनं तो दिला नाही.

"बाबा वर आहेत?"

"वरच. पहाटेपासून."

"काय करतायत?"

"काय करणार? ब्रश धुतात, वाळत ठेवतात, वाळले की परत धुतात."

एकोणीस वर्षांत ती या घरी चौथ्यांदा येत होती. एकदा धाकट्याच्या लग्नाला आणि दोनदा कुणी गेलं म्हणून. तीनही वेळा ती खालीच थांबली होती. मधल्या खोलीतून वर जाणाऱ्या चौदा पायऱ्या होत्या. लहानपणी दिवसातून वीस वेळा त्या चढणारी ही मुलगी आता जिन्याकडे पाठ करून बसायची.

वर कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच, खोल्या दोनच. एकीत साचे, भट्टी आणि घासायचं यंत्र. दुसरीत उत्तरेच्या खिडकीखाली एक लांब टेबल. तीन पिढ्या या टेबलावर डोळे बनत होते. आजारात, अपघातात ज्यांचा डोळा गेला त्यांच्यासाठी बनवलेले, दुसऱ्याशी हुबेहूब जुळणारे डोळे. गावातली माणसं बाबांना नावानं ओळखत नसत, डोळेवाले म्हणत.

त्या टेबलाचा एक नियम होता. पणजोबांनी घालून दिलेला. पहिल्यांदा तिथे बसणाऱ्यानं उभं राहून चार ओळी म्हणायच्या आणि मगच ब्रश उचलायचा. ज्यानं डोळा एका दिवसात केला आणि पूर्ण केला, त्याची मी नक्कल करतो. मी करतो ते बघत नाही, फक्त दिसतं. पुरं ते त्याचं. उणं ते माझं. आजोबांचा भाऊ मुका होता, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजोबांनी त्याच्यासाठी त्या म्हटल्या होत्या. पण म्हटल्याशिवाय त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

दुसरा नियम गिऱ्हाइकांना कधीच कळायचा नाही. डोळा तयार झाला, घासून आरशासारखा गुळगुळीत केला, की मागच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही तिथे, सुईच्या टोकानं एक बारीक खाच ठेवायची. खोबणीला टोचणार नाही इतकी उथळ. डोळ्याला दिसायची नाही, नखाला मात्र लागायची. पूर्ण डोळा करणारा एकच, आपण नव्हे, एवढं लक्षात राहावं म्हणून.

आणि आता डोळा हवा होता तो आईला.

चार महिन्यांपूर्वी आईचा डावा डोळा काढावा लागला. आत गाठ होती, दुसरा इलाज नव्हता. जागा राहावी म्हणून डॉक्टरांनी एक पारदर्शक वाटी बसवून दिली होती आणि सांगितलं होतं की जखम भरली, आता कायमचा डोळा बसवा, फार थांबलात तर खोबण आक्रसेल. धाकट्यानं तीनदा करून पाहिला. त्याचा साचा चोख होता, वाटी अशी बसायची की आई विसरून जायची. पण बुबुळ रंगवायला लागला की त्याचा हात लाकडाचा व्हायचा. तिसरा डोळा लावून आईनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "छान झालाय रे. पण ही बाई कोण?"

सगळे हसले होते. धाकटा मात्र त्या दिवशी जेवला नाही.

बाबांना करता आला असता, पण दोन वर्षांपूर्वी त्यांचीच नजर गेली. आजोबांनंतर या घरात बुबुळ जिवंत करणारे दोनच हात झाले होते. एक बाबांचा आणि एक थोरलीचा. सातव्या वर्षापासून ती बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून ठिपके मारायची. तपकिरीवर पिवळा, पिवळ्यावर राखाडी, टोकदार ब्रशानं शेकडो ठिपके. बाबा तिला ठिपकी म्हणायचे. पुढे पुढे ते अवघड डोळे तिच्यावर सोपवून खाली चहाला यायचे.

तिला पत्र लिहिलं ते धाकट्याच्या बायकोनं, कुणाला न विचारता. ती इस्पितळात नर्स होती आणि घरातल्या रुसव्याफुगव्यांकडे जखमेवरच्या पट्टीकडे बघावं तशी बघायची. पट्टी ओली झाली, बदला. मग नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो घाबरला.

"बाबा तिला टेबलावर बसू देणार नाहीत. ती त्या ओळी म्हणणार नाही."

"टेबलावर बसायचंच कशाला? तू साच्यातली वाटी पाठव, घरून रंगवून आणू दे."

"कशावरून रंगवणार? आई तर इथे आहे."

"ताईंनी आईंचा डोळा किती वेळा रंगवलाय म्हणालास?"

ते खरं होतं. शिकत असताना थोरलीचा सरावाचा डोळा म्हणजे आईचाच डोळा. आई दुपारचं काम आवरून खिडकीशी येऊन बसायची आणि मुलगी समोर बसून रंगवायची. चुकला की पुसायचा, परत रंगवायचा. असे शंभर तरी झाले असतील. तिच्या बोटांना तो पाठ होता.

काल रात्री जेवताना धाकट्यानं हिय्या करून बाबांना सांगितलं. बाबांनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "कशावरून रंगवला तिनं?"

"आठवणीवरून."

"हं," म्हणाले आणि ताटावरून उठले.

*

आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. ऑपरेशननंतर तिला उजेड सोसत नव्हता. थोरली शेजारी येऊन बसली तेव्हा तिनं मुलीचा हात हातात घेतला आणि बोटांवर कुठे रंग आहे का ते चाचपून पाहिलं.

"अंगठ्याला अजून घट्टा आहे," आई म्हणाली. "शाळेतल्या खडूनं असा पडत नाही."

"रविवारी रंगवते कधीकधी."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. असंच. बशीत ठेवते, बघते, डब्यात टाकते."

आईनं तो हात सोडला नाही. तिला ती संध्याकाळ आठवत होती. गेली एकोणीस वर्षं ती आठवत होती, पण आता एका डोळ्यानं जग बघायला लागल्यापासून जास्तच स्पष्ट.

थोरली तेव्हा चोवीस वर्षांची. शाळेत विज्ञान शिकवायला लागून वर्ष झालं होतं. त्या संध्याकाळी शाळेतून आली ती चपलांसकट वर धावली. हातात एक कागद, त्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला ठिपका. बाबा, डावा डोळा मिटा, फुलीकडे बघा, कागद हळूहळू जवळ आणा. बाबांनी आणला. एका ठिकाणी ठिपका नाहीसा झाला. बाबा हसले, परत करून पाहिलं, परत हसले. आई कपबश्यांचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होती, तिलाही हसू आलं.

"बघा," थोरली म्हणाली, "खऱ्या डोळ्यातही खाच आहे. मागच्याच बाजूला. सगळ्यांना असते आणि कुणालाच कळत नाही."

पोर आनंदानं फुलून आली होती. आईला तेव्हाच कळलं होतं की ही बापासाठी भेट घेऊन आलीय. आपल्या घराची रीत तिला खुद्द डोळ्यात सापडली होती, ती सांगायला ती धावत आली होती.

बाबांनी विचारलं, ती तिथे का असते. आणि थोरली शिक्षिका होती, तिनं सांगितलं. डोळा एकदम झालेला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी कातडीवर नुसती एक जागा होती, उजेड आणि अंधार ओळखणारी. मग ती जागा खोलगट झाली, मग तिला झाकण आलं, मग भिंग. थोडं थोडं, पिढ्यानुपिढ्या. वाढता वाढता मज्जातंतू पुढच्या बाजूनं आले, त्यांना बाहेर पडायला वाट हवी म्हणून ती जागा.

बाबांचं हसू हळूहळू मावळलं. "म्हणजे त्याला एका फटक्यात जमलं नाही, असं म्हणतेस."

"मी तसं कुठे म्हटलं? त्यानं असा केला, एवढंच म्हणते."

"अर्धा डोळा कुणाच्या कामाचा, सांग बरं. मी साठ टक्के डोळा करून गिऱ्हाइकाला देतो का?"

त्याच आठवड्यात प्रार्थनाघरात काही पालकांनी विषय काढला होता की डोळेवाल्यांची मुलगी वर्गात भलतंसलतं शिकवते. बाबांनी तोवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आता त्यांना वाटलं, लोक म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी तिला उभं केलं आणि त्या चार ओळी पुन्हा म्हणायला सांगितल्या. बाराव्या वर्षी तिनं त्या घडाघडा म्हटल्या होत्या. या वेळी ती "एका दिवसात"पाशी थांबली.

"ते दोन शब्द सोडून म्हणते, बाबा. बाकी सगळं मनापासून म्हणते."

"शब्द सोडून शपथ होत नाही. एक काय ते निवड."

"मला दोन्ही खरं वाटतं."

"दोन्ही कसं खरं असेल?"

तिनं टेबलावरचा आपला ब्रश पुसून ठेवला आणि खाली आली.

आई तेव्हा जिन्यातच होती. तिला एक वाक्य बोलता आलं असतं. ही रोज झोपण्यापूर्वी प्रार्थना करते, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. एवढंच. ते वाक्य जिभेवर होतं. पण ट्रेमधला चहा निवत होता, माणूस तापलेला होता, मुलगी रडवेली होती, आणि तिनं ठरवलं की दोन दिवस जाऊ द्यावेत, आपोआप निवळेल. दोन दिवसांनी थोरलीनं दुसऱ्या गावच्या शाळेत अर्ज केला.

"चल वर," आई आता म्हणाली आणि उठली. "डोळा वरच बसवायचा. खाली उजेड नाही."

"आई, मी जिन्यापर्यंत येते. धाकटा बसवेल."

"धाकटा बसवेलच. पण तू आणलायस, तर देणार तू."

*

चौदा पायऱ्यांवर चार जणांची पावलं वाजली. बाबांनी ती मोजून ओळखली. बायकोचं जड पाऊल, सुनेचं झपझप, मुलाचं कचरणारं. आणि चौथं, दर पायरीवर किंचित थांबणारं.

त्यांची नजर पूर्ण गेली नव्हती. गेला होता तो मध्यभाग. ज्याच्याकडे बघावं तिथे एक करडा डाग यायचा आणि कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं. खिडकी कुठे ते उजेडावरून कळायचं, दार कुठे ते अंधारावरून. तेवढ्यावर ते घरभर फिरत, जिना उतरत, आपलं आपण जेवत. पण माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंड नाहीसं व्हायचं.

थोरलीनं दारातूनच पाहिलं की बाबा टेबलावरून उठले, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून दोन पावलं चालले आणि बरोबर भिंतीशी थांबून वळले. तेवढ्या उरलेल्या नजरेवर. तिला एकोणीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आठवला, अर्धा डोळा कुणाच्या कामाचा. उत्तर समोर चालत होतं. तिनं ते उच्चारलं नाही. असं उत्तर सापडायला नको होतं.

"आलीस," बाबा म्हणाले.

"आले, बाबा."

"टेबलापासून लांब उभी राहा, असं नाही म्हणणार मी. पण ..."

"उभी आहे मी लांबच."

सुनेनं एक खुर्ची ओढून आईला बसवलं, तेवढाच आवाज झाला. मग थोरलीनं डबा उघडला, कापसातून डोळा काढला, पुढे होऊन बाबांच्या तळहातावर ठेवला आणि परत मागे झाली. त्यांचा हात किती बारीक झाला होता, तेही तिनं पाहिलं.

बाबांनी डोळा डोळ्यांजवळ नेलाच नाही. त्यांनी तो बोटांनी पाहिला. आधी वरचा फुगवटा, मग कड. कड ठीक होती. मग उलटा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. वरून खाली, मग आडवं.

नख एका जागी अडलं.

त्यांनी ते काढून परत फिरवलं. परत तिथेच अडलं.

"ही कशाला ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडे ठेवतात."

"इथे ठेवतात. तू तुझ्या घरी रंगवलास. कोण बघणार होतं?"

"कुणी नाही."

"सवयीनं ठेवलीस?"

थोरलीनं जरा विचार केला. मुलांना उत्तर देताना ती असाच विचार करायची, येत नसेल तर येत नाही म्हणायची. "मला नाही सांगता येणार, बाबा. प्रार्थना करते तीही सवयीनं करते की कसं, तेही नाही सांगता येणार. पण एकही डोळा खाचेशिवाय झाला नाही. बशीत ठेवायचे तेसुद्धा."

"एकोणीस वर्षं."

"हो."

आईनं चष्म्याखाली बोट घातलं आणि बाहेर काढलं. "ती प्रार्थना करते," ती म्हणाली. "तेव्हाही करत होती. ज्या दिवशी तुम्ही तिला टेबलावरून उठवलंत त्या रात्रीही केली. मी ऐकलं होतं."

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"चहा निवत होता," आई म्हणाली. आणि तिचं तिलाच ते फार क्षुल्लक वाटलं.

धाकटा इतका वेळ भट्टीच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याला वाटत होतं की आपण काही बोलू नये, हे आपलं नाही. पण बाबांचं नख त्या खाचेवरून अजून फिरत होतं आणि ते त्याला बघवेना.

"माझ्या डोळ्यांना खाच नसते," तो म्हणाला. "मी शपथ घेतली, ओळी सगळ्या म्हटल्या, आणि खाच सोडून दिली. यंत्रावर घासलं की गुळगुळीत होतो, परत सुई घेऊन बसायचं जिवावर येतं. ताई न म्हणता ठेवते आणि मी म्हणूनही ..."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"चार वर्षं झाली. तुझा प्रत्येक डोळा माझ्या हातातून जातो. नखाला काही लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी डोळा मुठीत घेतला. "एकदा बोलून पाहिलं होतं ना. एक मूल गेलं. दोनच होती मला."

धाकट्यानं मान खाली घातली. त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. थोरलीला बाबांजवळ जावंसं वाटलं. पण बाबा टेबलाशी होते, आणि ती लांब उभी होती.

"बसवून तर बघू," सून शेवटी म्हणाली. "आईंना उजेड सोसेल तेवढ्यात."

धाकट्यानं हात धुतले. आईनं चष्मा काढला, मान मागे टाकली. त्यानं जुनी वाटी काढली, नवा डोळा ओला करून वरच्या पापणीखाली सरकवला, खालची पापणी ओढून सोडली. डोळा बसला. आईनं दोनतीनदा पापण्या मिटल्या आणि खिडकीकडे तोंड केलं.

पहिल्यांदा कुणीच बोललं नाही. डोळा जिवंत होता. तपकिरीत खोलवर मधाचा रंग होता, बाहुलीच्या कडेला पिवळे ठिपके होते, पांढऱ्यात रेशमाच्या शिरा होत्या. ती आईच होती, परकी बाई नव्हे. पण काहीतरी चुकत होतं. एका बाजूनं एक तरुण बाई बघत होती आणि दुसऱ्या बाजूनं एक म्हातारी.

"बोला की," बाबा म्हणाले. "कसा आहे?"

"सुरेख आहे," सून म्हणाली. "फक्त ..."

"कडेचं वळं घातलंस का?" बाबांनी थोरलीला विचारलं.

"कसलं वळं?"

"तिच्या बुबुळाच्या कडेला दुधट वळं आहे. वरच्या बाजूला जास्त. खालीही आहे, बाजूंना विरळ. तपकिरीही आता तशी राहिली नाही, पाणी मिसळल्यासारखी झालीय."

थोरली पुढे आली आणि आईच्या चांगल्या डोळ्यात पाहिलं. एवढ्या जवळून ती एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होती. वळं होतं. म्हातारपणी येतं तसं. वर्गात ते तिनं कितीतरी वेळा शिकवलं होतं. आपल्या आईलाही ते येईल, एवढंच तिला सुचलं नव्हतं. डबा घेऊन ती गाडीत बसली तेव्हा तिला वाटलं होतं की आपण आईचा डोळा नेत आहोत. तिनं नेला होता तो आईच्या पंचेचाळिसाव्या वर्षाचा डोळा.

"मी नव्हते," ती म्हणाली. "मला कसं दिसणार."

"मी होतो," बाबा म्हणाले. "रोज बघत होतो. तरी कधी आलं ते मला सांगता यायचं नाही. एके सकाळी नव्हतं आणि दुसऱ्या सकाळी होतं, असं नाही झालं. दिसेल असं कधी काही झालंच नाही, आणि वळं मात्र आलं. एका दिवसात नाही झालं ते ..."

ते थांबले.

ते दोन शब्द खोलीत सगळ्यांनी ऐकले. थोरलीनं खाली बघितलं. तिच्या वर्गातलं एखादं मूल गणित करता करता आपणच उत्तरापाशी येऊन ठेपलं की ती अशीच खाली बघायची, ते त्याचं त्याला घेऊ द्यायची.

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"माझा विश्वास आहे तो आहे," ते अखेर म्हणाले. "पासष्ट वर्षं म्हणत आलोय, ते मी आता बदलणार नाही. आणि मला ते कळतही नाही, दोन्ही कसं खरं असतं ते."

"मलाही पूर्ण नाही कळत, बाबा."

"तेव्हा असं म्हणाली असतीस तर."

"तेव्हा मला वाटत होतं, कळतं."

"मलाही," बाबा म्हणाले.

आईनं चष्मा चढवला नाही. "वळं इथे बसूनच घालावं लागेल ना?" तिनं विचारलं. कुणी हो म्हणायची गरज नव्हती. रंग जुळवायचा तर समोर माणूस हवं, उत्तरेचा उजेड हवा आणि ते टेबल हवं. घरून रंगवून आणायची वाट इथे संपत होती.

"ताई," धाकटा म्हणाला, "ओळी मी म्हणू तुझ्यासाठी?"

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "तू आधी तुझ्या म्हण, नीट." मग भिंत चाचपत ते टेबलाच्या कडेला आले. "मुक्या काकांच्या वेळी आजोबांनी केलं होतं. जो म्हणू शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानं म्हणायचं. बस खुर्चीवर."

"बाबा, तुमचे शब्द माझ्या नावावर नकोत. ते खोटं होईल."

"तुझ्या नावावर नाही. मी माझे म्हणणार. हात तेवढा तुझ्या खांद्यावर."

ती खुर्चीवर बसली. खुर्ची तीच होती, एक पाय अजून आखूड होता. खांद्यावर बाबांचा हात आला, आधी हवेत चुकला, मग सापडला. बाबांनी ओळी म्हटल्या. ज्यानं डोळा, म्हटलं आणि क्षणभर श्वास घेतला. एका दिवसात केला, हेही म्हटलं. काही गाळलं नाही. थोरली गप्प होती. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले, आणि शेवटच्या दोन ओळी दोघांच्या आवाजात झाल्या. पुरं ते त्याचं. उणं ते माझं.

मग धाकट्यानं आईचा तो डोळा अलगद काढला आणि थोरलीपुढे बशीत ठेवला.

"हा खरवडून यावरच करू?" थोरलीनं विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "नवं बुबुळ घे. हा मला दे."

"हा काय कामाचा? जुळत नाही कशाशी."

"मला जुळवायचा नाही."

तिनं तो पुसून त्यांच्या हातात दिला. सुनेनं आईची खुर्ची खिडकीशी सरकवली. आईनं पदराच्या टोकानं गालावरचं पाणी टिपलं, मान ताठ केली आणि पूर्वीसारखीच हात मांडीवर ठेवून बसली.

"किती वेळ बसायचंय?"

"उजेड आहे तोवर. हलू नकोस."

"कधी हलले होते?"

थोरलीनं ब्रश ओला करून टोक जुळवलं. पहिला ठिपका मारला, मग दुसरा. बाबा तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले होते, जिथे ती सातव्या वर्षी बसायची. त्यांचा अंगठा त्या जुन्या डोळ्याच्या मागे होता, नख खाचेत. मधूनच ते सांगत होते, वर जास्त, बाजूला विरळ, आणखी पातळ. थेट लेकीकडे बघितलं तर तिच्या जागी नुसता करडा डाग होता. म्हणून, ती दिसावी म्हणून, ते बाजूच्या भिंतीकडे बघत राहिले.